सात झाकणं

दिल्लीच्या पहाडगंजातलं ते थिएटर बंद होऊन बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, मल्टिप्लेक्सनं मारलं. असेल. पण तिथला रविवार सकाळचा मराठी शो मात्र मी बंद पाडला, आणि हे परवापर्यंत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठवडाभर तिथे हिंदी पिक्चर चालायचे. वर्षातून तीन-चार रविवारी आमचं मराठी मंडळ सकाळचा शो घ्यायचं. सरकारी क्वार्टर्समधून, फरिदाबादहून, कुठून कुठून माणसं यायची. बाहेर ‘अरे यार’ करणारी मंडळी आत शिरली की एकदम ‘अहो, सरका जरा’ म्हणायला लागायची. मध्यंतरात समोसे खाताखाता गोड्या मसाल्याच्या पुड्या इकडून तिकडे जायच्या, एखादं लग्नही जुळायचं. दिल्लीत वाढलेली पोरं अंधारात मोठ्यांदा विचारायची, “आई, हा का रडतोय? समझ में नहीं आया.”

ही सगळी उठाठेव माझे सासरे आणि त्यांचे ऑफिसातले एक जिवलग मित्र करायचे. त्या मित्रांना आम्ही काका म्हणायचो. मुंबईहून रेल्वेनं फिल्मचे डबे यायचे. शनिवारी दोघं ते स्टेशनवरून सोडवून आमच्या घरी आणत, आणि रविवारी काका एकेक डबा क्रमानं ऑपरेटरच्या हातात देत.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. साताऱ्याहून आलेली नवी सून, उत्साह नुसता उतू जात होता. शनिवारी दुपारी सगळे झोपलेले आणि बाहेरच्या खोलीत पत्र्याचे सात डबे, तेलकट, धुळीनं माखलेले. मला राहवेना. फिल्मला हात लावायचा नाही एवढी अक्कल होती. म्हणून रिळांवर स्वच्छ पंचे टाकले, फक्त झाकणं काढली, पावडर लावून घासली, गच्चीत वाळवली आणि परत लावून टाकली. कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला चपखल बसत होतं. असा योग माझ्या स्वयंपाकघरात आजतागायत आलेला नाही. रंगानं लिहिलेले आकडे झाकणांवर होते, आणि फक्त झाकणांवरच होते, हे माझ्या लक्षात आलं ते थिएटरात बसल्यावर.

पडद्यावर पहिल्या वीस मिनिटांत आजोबा वारले. आम्ही रडलो. थोड्या वेळानं ते पोहे खायला आले. बाळाचं बारसं झालं, मग त्याच्या आईबापांची पहिली ओळख. ऑपरेटरला मराठी येत नव्हतं, त्यामुळे तो निश्चिंत. प्रेक्षकही हलेनात, कारण पुढचा मराठी सिनेमा थेट तीन महिन्यांनी. माझ्या मागे एक गृहस्थ बायकोला दटावत होते, “प्रायोगिक आहे. गप्प बघ.”

शो सुटल्यावर पायऱ्यांवरच जुंपली.

“आकडे वाचता येत नाहीत तुला?” बाबा, म्हणजे माझे सासरे.

“आकडे वाचूनच दिले मी! देवाशप्पथ!”

“मग आजोबा काय आपले आपण उठले?”

लोक हसले. काका हसले नाहीत. ते पायऱ्या उतरून गेले ते गेलेच. मंडळ सोडलं, आमच्याकडे येणं सोडलं. दोघांच्या जोडीशिवाय शो कोण करणार? मी खांबाआड उभी होते. उद्या सांगू, म्हटलं. तो उद्या तीस वर्षं लांबला.

परवा बाबांना मी डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी आणत होते. थिएटरपाशी आल्यावर म्हणाले, “थांबव जरा.” शटर गंजलेलं, तिकीटखिडकीपाशी एकानं बेल्ट-पाकिटं मांडलेली. बाबा गाडीतूनच बघत राहिले.

“तो पुण्याला चाललाय म्हणे. मुलाकडे, कायमचा. ह्याच आठवड्यात.” आणि मग, “जाऊ दे. एवढी मैत्री, आणि साधी चूक कबूल केली नाही त्यानं.”

“बाबा,” मी म्हटलं, “चूक त्यांची नव्हती. झाकणं मी धुतली होती.”

“कसली झाकणं?”

सगळं सांगितलं, पावडरीसकट. मला वाटलं, हसतील. माझ्या फजितीच्या गोष्टींना घरात सगळेच हसतात. ते हसले नाहीत.

“चारचौघांत बोललो मी त्याला,” म्हणाले. मग, “फोन लाव.”

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून नंबर मिळवला. स्पीकर लावला.

“हॅलो, कौन?”

“मी बोलतोय.”

फोन कट तर झाला नाही ना, ते मी पाहिलं.

“तू आकडे बरोबर वाचले होतेस,” बाबा म्हणाले.

“ते मला माहीत आहे. तुला कुणी सांगितलं?”

“सुनेनं. झाकणं काढून घासली होती तिनं.”

“घासली?” आणि मग एकदम, “गाढवा, मग फोन कसले करत बसतोस? ये की इकडे!”

“आत्ता?”

“नाहीतर काय, मी गेल्यावर? सगळं सामान बांधायचं पडलंय. तिलाही आण. पण कशाला हात लावू देऊ नकोस.”

डोळ्यांना हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा खुशाल रुमालानं पुसत होते. मी पत्ता विचारला आणि गाडी वळवली.