चुळबुळीचे इंग्रजी

जव्हारच्या कचेरीत माझ्या शेजारी इंग्रजी टिपणे लिहिणारे एक कारकून बसत. कुणाची चुळबुळ दिसली की तिला नेमका इंग्रजी शब्द लावावा तो त्यांनीच! दिवाणसाहेब येरझाऱ्या घालू लागले की 'अँक्शस', म्हणजे रयतेच्या काळजीने बेचैन. गोरा साहेब खेकसू लागला की 'इम्पेशंट', म्हणजे कामाचा भारी उरक. शब्द सुचला की तपकिरीची चिमूट ओढून ते स्वतःशीच मान डोलवत.

एकदा साखरशेतचा एक म्हातारा अर्ज देऊन तीन दिवस पडवीत उकिडवा बसून होता. चौथ्या दिवशी तो दाराशी येऊन उभा राहिला.

"रावसाहेब, माझा अर्ज कवा वाचशाल? तिकडं शेतात डुकरां उभी नागली खातात."

कारकुनांनी अर्जाची घडी न मोडताच तिच्या पाठीवर लिहिले, 'रेस्टिव्ह'.

"म्हणजे काय हो?" मी विचारले.

"अडेल घोड्याचा शब्द आहे. रयतेलाही शोभतो," म्हणत त्यांनी तो अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

म्हातारा पुन्हा पडवीत जाऊन बसला. उठून दोन शब्द बोलावेत असे मला फार वाटले. पण मी खुर्चीत हललोसुद्धा नाही; कारकुनांचा टाक अजून ओला होता.