बारकीची दुपार

बारकी माझी सख्खी धाकटी बहीण. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि सगळं एकाच दिवसात, अशी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायला निघालेली आमच्या अख्ख्या खानदानात ती पहिली. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मी हे सांगतो, त्यानं विचारलं नाही तरी.

ती लाँड्रीत इस्त्री करते. रोज पहाटे गारव्यात पळून कामावर जायची. शर्यत मात्र ऐन उन्हाळ्यात, आणि त्यातलं पळणं येणार भर दुपारी. म्हणून सुट्टीच्या दिवशी तिनं दुपारी पळून बघितलं. मी पाण्याची बाटली घेऊन स्कूटरवर मागे. पुलापाशीच तिला गरगरलं. फुटपाथवर बसली ती बसलीच. मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं.

"दादा, मला नाही झेपायचं हे. नाव काढून घेते."

"अगं, मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"तुझ्या तोंडाला गॅरेजचं शटरच बसवायला हवं," ती म्हणाली, पण हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गजर वाजलाच नाही. ऊन दारात आलं तरी बारकी झोपलेली. मी तिला हळूच हलवलं.

"पळायला नाही गेलीस?"

"पहाटेचं बंद," ती डोळे न उघडता म्हणाली. "आता रोज दुपारच्या सुट्टीत पळणार. आधी थोडंच, मग वाढवत नेईन. तू मीठ-साखरेचं पाणी करून ठेव आणि मला झोपू दे."

मी गुपचूप बाटली धुवायला घेतली.