मामींची पळी

मामा गेले हे सिस्टरने सांगितलं, तेव्हा रडू फुटण्याआधी माझ्या तोंडून प्रश्न निघाला. वॉर्डाच्या दारात, सगळ्यांदेखत, मी मामींना विचारलं, "खरं सांगा, काय पाजलंत त्यांना?" मामींनी पदर तोंडाशी धरला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या... आज सात आठवडे झाले त्याला.

माझा स्वभावच मेला संशयी. दूधवाल्याच्या मापापासून बँकेत माझ्या टेबलावर येणाऱ्या सह्यांपर्यंत कशावरही माझा पटकन विश्वास बसत नाही. मामा चिडवायचे, "आली आमची दरोगा! लपवा सगळं!" आई लहानपणीच गेली, त्यामुळे मी वाढले ती बालाजी घाटाजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत. मामा शाळेत गणित शिकवायचे. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की ठसक्यात बनारसी. पहाटे गंगेवर स्नान मामांचं, घरातली पूजा मामींची. ती झाली की मामी तांब्याच्या पळीने त्यांच्या हातावर तीर्थ घालायच्या. त्याआधी चहाचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत, मग शाळेला उशीर का होईना.

गेल्या हिवाळ्यात ते नेहमीसारखे नावेने रामनगरला जाऊन तिथली भली मोठी वांगी घेऊन आले. मामींनी भरीत केलं, आणि मामांनी दोन घासांत ताट सरकवलं. "पोट भरलं गं." भरीत टाकणारा माणूस नव्हे तो! मी पाळतच ठेवली. धोतर दिवसेंदिवस जास्त आवळून नेसायला लागले होते. शेवटी भांडून दवाखान्यात नेलं. दुर्बिणीने तपासलं, तर जठराचा कॅन्सर.

सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. अख्खं जठर काढायचं आणि अन्ननळी थेट आतड्याला जोडायची. रक्तस्राव होऊ शकतो, छातीत कफ भरू शकतो, पण खरी भीती त्या जोडाची. तो गळला तर पोटात पू होतो, माणूस हाती लागत नाही. आणि सगळं नीट करूनही तो गळू शकतो. मी उलटतपासणी घ्यावी तशी विचारत सुटले. मामा मात्र हसले. "नहीं कराया तो?" "तो एक दिन पानी भी नहीं उतरेगा, मास्टर साहब." मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "उत्तर बरोबर येईलच असं नाही शालू, पण सोडवायला तर हवं." आणि सही केली.

चार दिवस छान गेले. खाटेला पाटी होती, 'मुँह से कुछ नहीं'. पाचव्या दिवशी ताप चढला, नाडी धावायला लागली, पोटातल्या नळीतून हिरवट गढूळ पाणी यायला लागलं. त्याच दिवशी मला उशीवर तुळशीचं चुरगळलेलं पान दिसलं. पोट पुन्हा उघडलं, पण उपयोग झाला नाही. नवव्या दिवशी मामा गेले. मणिकर्णिकेवरून सगळे परतले, तेरावा झाला, पण माझ्या डोळ्यांपुढून ते पान काही हलेना.

मग एकदा देवघरात पळी पालथी घातलेली दिसली. सुतक कधीच संपलं होतं, पण देव शेजारीण पुसून जात होती. मी विचारल्यावर मामी म्हणाल्या, "माझ्या हातून नको आता. ते म्हणाले, तोंड कोरडं पडलंय, तीर्थ तेवढं दे... ओठ ओले होतील इतकंच दिलं गं. मीच जीव घेतला त्यांचा." लाज वाटते सांगायला, पण मला ते पटलं होतं.

तरी गेल्या आठवड्यात सर्जनना गाठलंच. ते म्हणाले, "देना नहीं चाहिए था। मगर जोड़ उससे नहीं खुला। थूक तो दिनभर निगल ही रहे थे।" मला आधी वाटलं, हे स्वतःला वाचवताहेत. अर्ध्या वाटेत डोक्यात प्रकाश पडला. स्वतःला वाचवायचं असतं, तर पळीभर तीर्थावर ढकलून मोकळं होणं किती सोपं होतं! मी तशीच रस्त्यात उभी राहून रडले. त्या बाईला मी काय बोलले होते, देवा...

घरी येऊन मामींना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मी लोकांकडे बघते तसं. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन देवघरासमोर बसले. चहा घेतला नव्हता. "मामी, मला तीर्थ द्या."

त्या देवघरापाशी आल्या. मग बसल्या, पूजा केली, पळी सुलटी केली. घालताना अर्धं तीर्थ फरशीवर सांडलं. उरलेलं माझ्या तळहातावर आलं. पाणी कुठल्या घाटावरचं, कधी भरलेलं, गाळलं होतं का... एकही प्रश्न न विचारता मी ते प्यायले, आणि पुन्हा हात पुढे केला.