शंभूराजचं बहुमत

शंभूराज मूळचा निरवांगीचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी शेती धरली. शंभूराजने आयटीआय करून जळोचीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. आमच्या विहिरीची मोटार जळली तेव्हा ती घेऊन मी तिथे गेलो आणि पुढे रोजच जाऊ लागलो. मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

हे सत्त्याण्णव सालचं. दिल्लीत सरकारं पडत होती आणि शंभूराजच्या दुकानात ती पुन्हा पडायची. गिऱ्हाइकाच्या मोटारीचं वार्निश सुकेपर्यंत अधिवेशन चालायचं. दहा हॉर्सपॉवरची मोटार पंतप्रधान. तिला टेकू दिलेल्या तीन छोट्या मोटारी मित्रपक्ष. टेबलफॅन विरोधी पक्ष.

"का रे, फॅनच का?" मी विचारलं.

"समद्यांकडं मान फिरवतो. वाऱ्याशिवाय काय देतो?"

मग तो एक छोटी मोटार हळूच काढून घ्यायचा. पंतप्रधान कलंडायचे. बाकावरची माणसं टाळ्या पिटायची.

त्या मे महिन्यात सांगवीचे रामहरी तात्या मोटार घेऊन आले. साखर कारखान्यात टाइमकीपर, करडा माणूस. सोबत मुलगी होती, स्वप्नाली. बी.एस्सी. झालेली, बारामतीत शाळेत शिकवणारी. पंतप्रधान कलंडले तेव्हा ती इतकी हसली की तात्यांनी मागे वळून पाहिलं. त्या दिवशी शंभूराजने मोटार उलटी जोडली.

दिवाळीनंतर त्याच्या चुलत्याने, हिंदुरावांनी, सांगवीला शब्द टाकला. निरोप आला. घराणं चांगलं, पोरगा कष्टाळू. पण तात्यांना इंग्रजी बोलणारा जावई हवा. मुलगी इंग्रजीतून शिकवते, मग नवऱ्याने तिच्यापुढे मुकं बसायचं का? रविवारी या. शेजारचे दत्तोपंत मास्तर परीक्षा घेतील.

शंभूराज माझ्याकडे आला. "विराज, शिकीव."

मी व्याकरणाचं पुस्तक काढलं. राम आंबा खातो. राम आंबा खात आहे. तिसऱ्या आंब्याला शंभूराज झोपला.

"ह्या रामाला दुसरं काम न्हाय का?" उठल्यावर तो म्हणाला. "रेडिओवरचं इंग्रजी सांग. त्ये डोक्यात बसतंय."

रेडिओवर सरकार पडत होतं. मी एकेक शब्द सांगत गेलो. अर्थ तोच लावायचा.

"आउटसाइड सपोर्ट म्हंजे आमची धोंडाआत्या. लग्नाला येती, कामाला हात लावत न्हाय. भाजीत मीठ कमी पडलं, की निघाले म्हनून पिशवी भरती."

केअरटेकर म्हणजे शेजारी. आपण गावाला गेलो की म्हशीची धार काढायची, पण म्हैस विकायची नाही. व्हिप म्हणजे मेंढरं वळवायची काठी. विथड्रॉ त्याला बँकेच्या चिठ्ठीमुळे आधीच येत होता. पैसे काढायचे तसा पाठिंबा काढायचा.

मी थक्क होऊन बघत राहिलो. कॉलेजात मला हे शब्द कुणी असे समजावले नव्हते. धोका मात्र मला दिसला नाही.

रविवारी आम्ही सांगवीला गेलो. ओसरीत सतरंजी होती. एका बाजूला शंभूराज, हिंदुराव आणि मी. समोर तात्या आणि दत्तोपंत मास्तर. दाराआड स्वप्नाली आणि तिची आई सारजाबाई. पोहे झाले. मास्तरांनी चष्मा पुसला.

"व्हॉट इज युवर फादर?"

"फादर इज प्रेसिडेंट, सर. सिग्नेचर ओन्ली. मदर रन्स गव्हर्नमेंट."

मास्तरांचा पोह्यांचा घास अडकला. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर हाय का?"

"हां, तसं बरोबरच आहे. हाऊ मेनी ब्रदर्स?"

"टू ब्रदर्स, सर. कोअलिशन. किचन सेपरेट, वेल कॉमन."

"एनी बॅड हॅबिट?"

"टोबॅको, सर. विथड्रॉन."

हिंदुरावांनी मला कोपर मारलं. "काय म्हनला?"

"तंबाखू सोडली म्हणतोय."

"कवा?" हिंदुराव मोठ्याने म्हणाले. मी त्यांचा गुडघा दाबला.

मास्तर आता पुढे सरकून बसले होते. त्यांना मजा येत होती. "व्हाय डू यू वॉन्ट टु मॅरी?"

शंभूराजने छाती फुगवली. "सिंगल पार्टी नॉट स्टेबल, सर!"

मास्तरांनी तोंडाला उपरणं लावलं. त्यांचे खांदे हलत होते. दाराआड कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी तिला दटावलं.

तात्या हसले नाहीत. त्यांना काही कळत नव्हतं, पण आपल्या ओसरीत तमाशा चाललाय एवढं कळत होतं. त्यांनी टोपी सारखी केली.

"बरं. कळवतो."

आमच्या भागात 'कळवतो' म्हणजे नाही. ते ऐकलं की उठायचं, चहा चांगला होता म्हणायचं आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. हिंदुराव उठले. चपलेत एक पाय घातला. मीही उठलो.

शंभूराज बसूनच राहिला.

"तात्या, कळवतो म्हंजे राजभवनात मोजल्यासारखं झालं. बहुमत तितं मोजत न्हाईत. फ्लोअर ऑफ द हाऊस."

"म्हंजे?" तात्यांचा आवाज चढला.

मास्तर उपरण्यातून बाहेर आले. "म्हणजे बहुमत सभागृहातच मोजा. मुलीला विचारा म्हणतोय. इथंच, सगळ्यांसमोर."

मला सतरंजीखाली शिरावंसं वाटलं. सांगवीत मुलीला असं चारचौघांत विचारत नसत. ती ओसरीवर यायची, नाव सांगायची, पाया पडून आत जायची. तिचं मत कुणाला हवं असलं तर रात्री आईने चुलीपाशी विचारायचं.

"शंभ्या, ऊठ," हिंदुराव दातओठ खाऊन म्हणाले. "लाज काढली."

आतून सारजाबाईंचा आवाज आला. "इचारा की मग. तिला का तोंड न्हाय?"

तात्या काही बोलायच्या आत स्वप्नाली बाहेर आली. तिने मान खाली घातली नव्हती. सरळ शंभूराजकडे बघत होती, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तशी.

"मी नोकरी सोडणार नाही."

"मान्य," शंभूराज म्हणाला.

"पुढचं ऐकून तरी घ्या."

"बरं."

"तुमचं इंग्रजी कुठलं ते मला कळतंय. मीपण बातम्या ऐकते. पडणं, पाठिंबा काढणं, राजीनामा देणं. एकही सरकार धड वर्षभर टिकलं नाही, आणि तुम्ही त्यांचेच शब्द घेऊन मला मागायला आलात. मी काय समजू?"

 शंभूराजने माझ्याकडे पाहिलं. मी बी.ए., तेही साहित्य घेऊन. पण त्याला मी शिकवलेला प्रत्येक शब्द मोडण्याचाच होता.

 मेंढरू चुकलं की धनगर कसा उभा राहत असेल, तसा तो दिसत होता.

"टिकायचं इंग्रजी अजून रेडिओवर आलं न्हाय," तो शेवटी म्हणाला. "आलं की शिकतो. तोवर मराठीत टिकतो."

स्वप्नालीने ओठ दाबले. पण हसू डोळ्यांत आलंच. तिने वडिलांकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेली.

तात्या तिथेच टोपी हातात घेऊन उभे. "मास्तर, झालं का मतदान?"

"झालं."

हिंदुराव अजून एका चपलेवर होते. "पर कुनीकडं झालं?"

सारजाबाई दारात आल्या. हात पिठाने भरले होते. "चप्पल काढा पावनं. जेवून जावा."

दत्तोपंत मास्तर हात धुवायला आमच्या आधी पळाले.