बारीक अक्षरातलं नाव

"थांबा. इथं ती श्वास घेते," असं म्हणून बाई उजव्या हाताचं बोट वर करायच्या. दुकानात कुणी कॅसेट बदलून मागायला आलेलं असो की नुसतं गप्पा मारायला, ते बोट खाली येईपर्यंत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. गाणारी इंग्लंडात, ऐकणाऱ्या बाई हुबळीच्या केशवापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, आणि मध्ये मी, देशपांडे नगरात कॅसेटी भरून देणारा. मला त्या श्वासात काहीही ऐकू यायचं नाही. मी सरळ घड्याळाकडे बघायचो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. तुमच्याही गावात असं एक दुकान असणारच. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायची. बाईंची यादी कधी नसे. इंग्लंडात लेस्टरला राहणारा त्यांचा भाऊ वर्षातून एखादी तबकडी धाडायचा, ती त्या टॉवेलात गुंडाळून आणायच्या आणि काउंटरवर ठेवताना बजावायच्या, "ओरखडा उठला तर बघा हं, अण्णा."

मी मूळचा धारवाडचा, केलगेरीच्या तळ्याकडचा. गाण्याच्या बाबतीत धारवाडचा माणूस किती माजोरडा असतो हे तुम्ही पाहिलंच असेल. स्वतःला सा लावता येत नसला तरी दुसऱ्याचा सा उतरलाय हे आम्हाला लगेच कळतं. तेव्हा बाईंच्या त्या गायिकेला मी काय किंमत देणार? खाली अखंड धप्धप् आणि वर तिचा आवाज. मी त्याला गिरणी म्हणायचो. "बाई, आज गिरणीत काय दळायचंय?" असं विचारलं की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि तबकडी माझ्याकडे सरकवायच्या.

त्या गायिकेची सगळी कारकीर्द बाईंना पाठ होती. ती लहानपणी चर्चमध्ये गायला शिकली. मग 'सोल' म्हणतात तसली, पोटातून येणारी गाणी गायली. एका कंपनीनं दोन तबकड्या काढल्या, पुठ्ठाभर तिचा फोटो. त्या फार खपल्या नाहीत म्हणून कंपनीनं तिला सोडून दिलं. मग क्लबात नाचायला तबकड्या वाजवणाऱ्यांनी तिचा आवाज घेतला आणि त्याखाली आपला ठोका लावला. या प्रकाराला हाउस म्हणतात हेही बाईंनीच मला सांगितलं. आता पुठ्ठ्यावर मोठं नाव ठोकेवाल्याचं असे, आणि गाणारीचं मागच्या बाजूला, दर तबकडीला आणखी बारीक.

"पुढच्या खेपेला भिंग घेऊन या, बाई," मी म्हणालो.

"अक्षर बारीक झालंय की ओ. आवाज झालाय का बारीक?"

अशी पहिली तबकडी आली तेव्हाची फजिती सांगतो. गाणं सुरू झालं आणि एकाच ओळीवर अडकलं. तीच ओळ पाच वेळा, सहा वेळा. मी सुई उचलून थोडी पुढं ठेवली. तिथंही तेच. असं चारदा पुढं ढकलून मी गाणं संपवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन कॅसेट दिली. दुसऱ्या दिवशी बाई दारात.

"गाणं कुठं गेलं?"

"तबकडी खराब होती, बाई. सुई अडकायली होती. मी दुरुस्त करून भरलंय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या धारवाडात बुवा एकच ओळ अर्धा तास घोळवतात. तेव्हा तुम्ही उठून बुवांना पुढं ढकलता का?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मला ते पुष्कळ दिवस लागून राहिलं.

बाई स्वतः गायच्या हे मला उशिरा कळलं. आवाज जाड, भरदार. लहानपणी धारवाडला एका मास्तरांकडे शिकायला गेल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "बाळ, तू एकटीनं गाऊ नको. मागं गा." तेव्हापासून बाई मागंच गायल्या, शाळेच्या प्रार्थनेत, लोकांच्या घरच्या भजनांत. त्यात दुःख काय करायचं, असंच मला वाटायचं. मास्तरांचं चुकलं नव्हतं, असंही वाटायचं.

पुढं मी दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. केशवापुरातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यांना दत्ताच्या पदांची कॅसेट काढायची होती, आणि गाणार होती त्यांची सून. सून दिसायला गोड आणि स्वभावानं गरीब. सूर मात्र तिच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. अशा वेळी आमच्या धंद्यात एक रीत असते. दुसऱ्या कुणाकडून पदं आधी गाऊन घ्यायची, ती ऐकून मूळ गायिकेनं घरी तालीम करायची, आणि मग तो पहिला आवाज पुसून तिचा भरायचा. मी बाईंना विचारलं. त्या रजा टाकून आल्या आणि आठही पदं दोन दिवसांत गाऊन गेल्या.

सुनेला महिनाभर तालीम करून एकही पद जमलं नाही. दत्तजयंती तोंडावर आली. मी बाईंचा आवाज पुसलाच नाही. कॅसेट छापली, वर सुनेचा फोटो, खाली सुनेचं नाव.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुकानात तीच कॅसेट लावली होती आणि बाई आत आल्या. या वेळी बोट वर गेलं नाही. पद संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"हा माझा आवाज आहे."

"हो, बाई. वेळच उरला नाही. देवाचं काम आहे, म्हटलं तुम्ही समजून घ्याल."

त्यांनी कॅसेट उघडून आतला कागद दोन्ही बाजूंनी वाचला. "माझं नाव कुठंय?"

"पुन्हा छापू तेव्हा घालतो."

"मोठं नको. मागं घाला, बारीक. तिचं असतं तेवढं."

मला हसू आलं. "तुम्ही काय विलायतेच्या गायिका लागून गेलात, बाई?" असं मी म्हणालो. लिहितानाही लाज वाटते, पण म्हणालो खरा.

कॅसेट पुढं तीनदा छापली. तिन्ही वेळा व्यापारी म्हणाले, "आता सुनेला गावोगाव बोलावणी येतात, उगीच नाव कशाला?" आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. बाई दर वेळी येऊन कागद उलटून बघायच्या आणि जागेवर ठेवायच्या. तिसऱ्या वेळेनंतर त्या आल्या नाहीत.

काही वर्षांनी कॅसेटींचा धंदा बसला आणि मी मोबाइलची कार्डं विकू लागलो. त्या पदांची सीडी निघायची ठरली, तेव्हा व्यापारी वारले होते आणि सुनेची हरकत नव्हती. उलट तीच म्हणाली, "अण्णा, बाईंचं नाव घाला. मला लोकांपुढं कॅसेट लावून ओठ हलवून हलवून कंटाळा आला."

मी बाईंच्या घरी गेलो. त्या भावाकडं कायमच्या निघाल्या होत्या, खोलीत बांधाबांध चालली होती. मी म्हणालो, "या वेळी पुढं घालतो, बाई. मोठ्या अक्षरात."

"नको."

"का हो?"

"दहा वर्षं ते गाणं त्या पोरीच्या नावानं लोकांनी देवापुढं ऐकलं. आता मी येऊन तिला खोटी पाडू?" त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "ते तुम्ही केव्हाच केलं पाहिजे होतं, अण्णा. आता करून तुम्हालाच बरं वाटणार. ते सुख मी तुम्हाला देणार नाही."

मी उठलो. दारापर्यंत आल्यावर त्या म्हणाल्या, "आणि कधी कुठं लिहायची वेळ आली, तर माझं नाव सोडूनच लिहा. तुम्हाला तीच सवय आहे."

बाई लेस्टरलाच वारल्या, असं त्यांच्या भावानं फोनवर कळवलं. हे लिहायला बसलो तेव्हा पहिल्या ओळीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. ते खोडलं, आणि सगळीकडे नुसतं बाई असं लिहिलं.