ट्यूब गेली, काट्यांचा डबा राहिला

माझ्या दुकानात पान्यांच्या फळीखाली एक पत्र्याचा डबा आहे. चहापत्तीचा होता, आता त्यात काटे आहेत. टायरमधून निघालेला काटा रस्त्यावर फेकला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी टायरात शिरणार, म्हणून मी डब्यात टाकत आलो. बाभळीचे आहेत, सराटे आहेत, एक चपलेचा खिळा आहे. किस्स्यांचंही असंच होतं. जमवायचे म्हणून कुणी जमवत नाही. एक दिवस डबा हलवला की खुळखुळ वाजतो, तेव्हा कळतं केवढे झाले ते!

नांदेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान. शेजारी गफूरभाईंची चहाची टपरी. दोघांच्या मध्ये एक बाकडं. रविवारी सकाळी सायकलवाली मंडळी फिरून येतात, त्यात कुणाचं ना कुणाचं पंक्चर असतं. ते निघेपर्यंत बाकीचे बाकड्यावर चहा पितात. पंक्चर नसलं तर सरळ घरी. हा नियम कुणी केला नाही, आपोआप पडला.

मंडळी म्हणजे मुख्य तिघं. एक दातांचे डॉक्टर. वयानं तरुण, बोलायला फास्ट. दुसऱ्या संगीताताई. वीज खात्यात आहेत, कमी बोलतात. तिसरे वाघमारे सर. गणिताचे मास्तर होते, रिटायर झाले. बायको वारल्यापासून घरी एकटेच असतात. सरांचं पंक्चर दर रविवारी ठरलेलं!

*

एका रविवारी डॉक्टर मोबाइल नाचवत आले.

"मामा, आता ट्यूबच नाही! ट्यूबलेस! टायरमध्ये डायरेक्ट हवा. आत दुधासारखं औषध घालायचं, सीलंट म्हणतात. काटा लागला की तेच भोक बुजवतं. तुम्हाला कामच नाही!"

डॉक्टर खुशीत बोलून गेले. 

गफूरभाई चहा गाळत म्हणाले, "मामा, अब तुम्हारा क्या होता? पंक्चर नहीं तो बाकडा खाली. बाकडा खाली तो मेरी चाय कौन पीता?"

सगळे हसले. मीही हसलो. दुकानाची मला काळजी नव्हती. शाळेच्या पोरांच्या साध्या सायकली गावात पुष्कळ आहेत. काळजी बाकड्याची होती.

*

डॉक्टरांना धीर नसतो. टायर मागवले आणि जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातच बसवले. रविवारी चाक हातात घेऊन हजर.

"मामा, भरली की हवा फुस्स! टायरच डिफेक्टिव्ह हाय."

मी चाक घमेल्यातल्या पाण्यात बुडवलं. रिमला जितकी स्पोकची भोकं, तितक्या भोकांतून बुडबुडे! ट्यूबलेस बसवताना रिमच्या आतून खास पट्टी चिकटवावी लागते, नाहीतर हवा स्पोकच्या भोकांतून निघून जाते. डॉक्टरांनी पट्टी लावली होती, नाही असं नाही. पण ती जखमेवर लावायची, दवाखान्यातली!

"टेप म्हणजे टेप ना मामा?"

वाघमारे सरांनी चष्मा सारखा केला, चाक फिरवून भोकं मोजली आणि म्हणाले, "डॉक्टर, बत्तीस आहेत. अन् बत्तीसच्या बत्तीस किडलेत!"

*

मग संगीताताईंचा नंबर आला. त्यांची ड्यूटी सबस्टेशनवर. जायला निम्मं डांबर आणि निम्मा कॅनॉलच्या कडेचा मुरूम.

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचं ग्रॅव्हल रायडिंग आहे."

मी विचारलं, "ग्रॅव्हल म्हणजे?"

"मुरमाचा रस्ता, मामा."

"मग आम्ही जन्मभर ग्रॅव्हलच करून राहिलो की!"

मग कुठला टायर घ्यायचा, हा वाद दोन चहा चालला. डॉक्टर म्हणत होते पंचवीस मिलिमीटरचा बारीक टायर घ्या, पळतो. सर म्हणत होते चाळीसचा घ्या, चांगला गोट्यागोट्यांचा, कुठं अडकणार नाही. शेवटी ताई माझ्याकडे वळल्या. "मामा, तुम्ही सांगा."

मी हळू बोलतो, त्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं. म्हणालो, "चप्पल घेताना आधी पाय बघावा, मग दुकान. बारीक टायर मुरमात रुततो अन् हाताला मुंग्या येतात. गोट्यांचा टायर डांबरावर घुर्रघुर्र करतो अन् मांड्या भरून येतात. तुमच्यासाठी मधला, पस्तीसचा. मधे गुळगुळीत, कडेला बारीक दाणे. पण आधी फ्रेममध्ये तेवढी जागा हाय का बघा, अन् रिम ट्यूबलेसची हाय का बघा. हवा दगडासारखी भरू नका, अंगठ्यानं दाबलं तर जरा दबली पाहिजे."

ताईंनी कप खाली ठेवला.

"पस्तीसचाच मागवलाय मामा, परवाच. फक्त ह्या दोघांना गप्प करायला तुमच्या तोंडून पाहिजे होतं!"

*

ट्यूबलेस टायर रिमवर बसताना फाट्‌कन आवाज होतो. कॉम्प्रेसरनं जोरात हवा दिली की टायरची कड रिमच्या खाचेत जाऊन बसते, त्याचा तो आवाज. ताईंचा टायर बसला तेव्हा मी सगळ्यांना आधी सांगितलं होतं, घाबरू नका म्हणून. गफूरभाईंना सांगायचं राहिलं. ते बाकड्याखाली सापडले. हातातला कप मात्र सरळ होता, थेंब सांडला नव्हता!

पुढच्याच आठवड्यात त्या टायरात सराटा घुसला. सर्वांना बघायचं होतं की औषध काम कसं करतं. वाघमारे सर सगळ्यात पुढं. वाकून, अगदी नाक लावून, "छिद्र कुठाय? मला तर कुठं दिसत न्हाई," करत होते. मी सराटा ओढला.

फस्स! पांढरी पिचकारी उडाली ती थेट सरांच्या चष्म्यावर. दोन्ही काचा दुधाळ.

सर तसेच उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "सापडलं!"

*

उन्हाळ्यात डॉक्टरांच्या चाकाची हवा रोज उतरायला लागली. मी टायर उघडला. आतलं औषध वाळून पापुद्रे झालेले, दुधावरच्या सायीसारखे.

"असं कसं मामा? बाटलीवर लिहिलंय सहा महिने टिकतं."

"लिहिणाऱ्यानं मे महिना नांदेडात काढला नसंल, डॉक्टर. आपल्याकडं दोन-अडीच महिन्यांनी बघत जा."

संगीताताई हळूच म्हणाल्या, "पेशंटला सांगता ना, दर सहा महिन्यांनी दाखवायला या? आता तुम्ही या!"

*

एकदा डॉक्टरांचा एक दोस्त लातूरहून सायकलवर आला. भारी सायकल, भारी कपडे. त्याच्या मागच्या चाकाची हवा बारीक बारीक जात होती. मी घमेलं काठोकाठ भरलं आणि चाक बुडवलं. थोडं पाणी बाहेर सांडलं.

तो चाकाकडे बघतच नव्हता. सांडलेल्या पाण्याकडे बघत होता.

"मामा," तो कळवळून म्हणाला, "एवढ्यात आमच्या लातूरला दोन माणसं आंघोळ करतेत!"

*

वाघमारे सर मात्र ट्यूबवरच होते. त्यांच्या एका ट्यूबवर सतरा ठिगळं होती, सगळी माझ्या हातची. सर म्हणायचे, "ह्यात आता मूळ ट्यूब किती अन् ठिगळं किती, सांगा पाहू."

"सर, मी चौथी नापास."

"मग सोपं हाय. सगळी ट्यूब तुमचीच हाय!"

सरांची धाकटी बहीण जळकोटला असते. तिला त्यांनी शब्द दिला होता, सायकलवर येऊन दाखवतो म्हणून. दोनदा निघाले. दोन्ही वेळा लोह्याच्या पुढं पंक्चरवर पंक्चर झालं आणि टेम्पोत सायकल टाकून परत आले. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, आता एसटीनंच ये. तू बी म्हातारा झालास अन् तुझी सायकल बी!"

सायकलला म्हातारी म्हटलेलं सरांना लागलं.

त्या रविवारी सतरा ठिगळांवर मी अठरावं घासत होतो, तेव्हा सरांनी विचारलं, "मामा, खरं सांगा. ट्यूबलेस घेऊ का?"

गफूरभाईंनी किटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी 'नको' म्हणालो असतो तर सरांनी ऐकलं असतं. माझं ते नेहमी ऐकतात. हातातलं ठिगळ मी तसंच धरून बसलो.

"घ्या सर," मी म्हणालो. "बत्तीसचा घ्या. रिम बदलावी लागंल, पण तुमच्या फ्रेमला तेवढा आरामात बसतो. लोह्यापर्यंत डांबर, पुढं कुठं काम चालू असलं तर मुरूम, दोन्हीला चालंल. जळकोटला जाऊन या."

गफूरभाई पुटपुटले, "लो! आपुनच आपुनका दरवाजा बंद कर लिये मामा."

*

सर निघाले. जळकोटहून फोन आला.

"मामा, एक बी पंक्चर न्हाई!" शाळा सुटल्यावर पोरांचा असतो तसा आवाज. मागून बहीण ओरडत होती, "त्या मामांला म्हणावं, दादाला आता थांबवायची बी काहीतरी युक्ती काढा, आल्यापासून सायकलचंच सांगून राहिला!"

त्यानंतर तीन रविवार मंडळी दुकानावरून गेली. डॉक्टर घंटी वाजवून, ताई हात करून, सर मान हलवून. सगळ्यांचे टायर टाइट. कुणाला थांबायचं कारण नव्हतं. बाकड्यावर गफूरभाईंची मांजर झोपायला लागली.

"मामा, टायर तो बहुत अच्छे चुने तुमने," गफूरभाई म्हणाले. "जरा खराब चुनते तो क्या बिगडता?"

*

चौथ्या रविवारी घमेल्यासाठी पाणी आणायला मी कोपऱ्यावरच्या नळाला गेलो. काम नव्हतं, पण रिकामं घमेलं बरं दिसत नाही.

पलीकडे लिंबाखाली वाघमारे सर सायकलवरून उतरले होते. पाठमोरे. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग वाकून व्हॉल्व्हची टोपी काढली, नीट खिशात ठेवली आणि बोट दाबून धरलं. फुस्सऽऽ! टायर चपटा होईपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.

मी कळशी घेऊन मागच्या गल्लीतून परत आलो आणि दुकानात बसलो.

थोड्या वेळानं सर सायकल हातानं ढकलत आले.

"मामा, गेलं बघा!"

"कुठं लागलं सर?"

"काय कळलं न्हाई. एकदमच गेलं."

"बसा. व्हॉल्व्हची टोपी कुठाय?"

सरांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. "पडली असंल कुठंतरी."

"पडती सर."

गफूरभाईंनी मांजर उठवली आणि न विचारता चहा टाकला. मी चाक काढलं, हवा भरली, पाण्यात धरून सावकाश फिरवलं. एक बुडबुडा नाही. सर पाण्याकडे बघत होते. मी अजून एक फेरा फिरवला, आधीपेक्षा सावकाश.

मग सरांकडे पाठ करून मी फळीखालचा डबा उघडला. पकडीनं टायरवर दोनदा खरडल्यासारखं केलं आणि एक काटा सरांच्या तळहातावर ठेवला.

"निघाला सर. बाभळीचा हाय."

सरांनी चष्मा वर केला. काटा वाळून काळा पडला होता.

"लई जुना दिसतो मामा."

"हाव सर."

"असा एकच असंल का आत?"

"लई असतील. एका रविवारी निघणार न्हाईत."

सरांनी मूठ मिटली आणि चहाचा घोट घेतला. तेवढ्यात कोपऱ्यावरून डॉक्टर आणि संगीताताई येताना दिसले. दोघंही चालत. दोघांच्याही सायकली हातात, दोघांचेही मागचे टायर चपटे.

गफूरभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, किटलीत पाणी वाढवलं आणि हळूच मला म्हणाले,

"मामा, डब्बे में काँटे पुरते क्या?"