बोट लागली

"सकाळी शनिवार दुपार दाखवत होतं," मी स्क्रीन वळवून म्हणालो. "आता शनिवार रात्र दाखवतंय."

फिलोमिना आंटींनी मांडीवरची पर्स आणखी घट्ट धरली. "म्हणजे जोसेफ खाली उतरणार कधी?"

"रविवारी सकाळी. बहुतेक."

"बहुतेक काय, मिलिंद? सोमवारी माझं परतीचं फ्लाइट आहे!"

गुरुवारची दुपार होती आणि त्यांचं विमान शुक्रवारी संध्याकाळचं. मी स्कारबरोच्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत बारा वर्षं काम करतोय. लग्नाच्या वऱ्हाडाचे चाळीस जण एका विमानात बसवून नेलेत, पण जहाजाच्या मागे माणूस पाठवायची ही पहिलीच वेळ होती.

आंटी मूळच्या वसईच्या. इथे एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला आहेत. त्यांचा धाकटा भाऊ जोसेफ कंटेनर जहाजावर बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याचं जहाज त्या वीकेंडला जर्मनीत ब्रेमरहाफेन बंदरात येणार होतं. चार वर्षांपूर्वी त्यांची आई गेली, तेव्हा भाऊ समुद्रात होता आणि बहीण इथे. मयताला दोघांपैकी एकही नव्हतं. नंतर आंटी वसईला गेल्या की भाऊ बोटीवर, तो घरी असला की यांना सुट्टी नाही.

"दोघांनी एकदा समोरासमोर बसून रडायचंय. बाकी मला जर्मनीत काहीही बघायचं नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हॉटेल, समुद्राचा बंधारा, माशांचं रेस्टॉरंट, सगळं प्लॅनमध्ये घातलं होतं. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

जहाजांचं कामच वेगळं असतं. ईटीए, म्हणजे पोचायची अंदाजे वेळ, ही नुसती अंदाजेच असते. वारा, आधीच्या बंदरातली गर्दी, काहीही आडवं येतं. हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं. जहाजांचा नकाशा दाखवणारं ॲप मी दर दहा मिनिटांनी उघडत होतो. आमच्या बॉस नसीम मॅडम शेवटी वैतागल्या.

"मिलिंद, तुम देखोगे तो जहाज़ जल्दी आएगा क्या?"

जहाज रात्री येणार म्हणून मी एक शहाणपणा केला. फ्रँकफर्टहून ब्रेमेनला, म्हणजे बंदराच्या जवळच्या विमानतळावर जाणारं आंटींचं सकाळचं विमान बदलून दुपारचं घेतलं. बिचाऱ्यांना विमानतळावर आरामात चहा पिता येईल, उगाच धावपळ नको. मग मॅडमच्या देखत ॲप डिलीट करून टाकलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आंटींचा मेसेज आला. "जोसेफने कळवलंय. बोट लागली. आता काय करायचं?"

मी नागपूरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा तलाव. गाडी लागते, तशी बोट लागते, एवढंच मला ठाऊक. मी लगेच उत्तर पाठवलं, "काळजी करू नका. आवळासुपारी चघळायला सांगा, लिंबू हुंगायला सांगा. उद्यापर्यंत बरं वाटेल." आणि दुसऱ्या क्लायंटच्या कामाला लागलो. स्वतःवर खूशही होतो.

सव्वाबाराला फोन वाजला. ड्यूटीवर आंटींचा फोन लॉकरमध्ये असतो, माझं उत्तर त्यांनी लंच ब्रेकमध्ये वाचलं होतं.

"अरे, सव्वीस वर्षं बोटीवर असलेल्या माणसाला तू आवळासुपारी देतोस? बोट लागली म्हणजे धक्क्याला लागली! मधलं बंदर स्किप केलं त्यांनी. उद्या दुपारी चारला सुटतेय. त्याला अडीचला परत वर चढायचंय."

मी घाईघाईने त्यांचं तिकीट उघडलं. माझ्या शहाणपणामुळे आंटी शनिवारी संध्याकाळी पोचणार होत्या. सकाळच्या विमानात तोवर एकही सीट उरली नव्हती. नऊ वाजता दोन होत्या, हे मला सिस्टीमने अगदी न विचारता दाखवलं.

"गलती किसकी?" मॅडमनी विचारलं.

"मेरी."

"तो बैठे क्यों हो?"

आता उरली ट्रेन. फ्रँकफर्ट विमानतळावरून दोन ठिकाणी गाडी बदलून सव्वा वाजता ब्रेमरहाफेन. पण त्यात एक मेख होती. विमानाच्या तिकिटातला एक टप्पा न कळवता सोडला, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचेसुद्धा. म्हणजे तिकीट नव्याने बनवायला हवं. एअरलाइनच्या होल्डवर पन्नास मिनिटं गेली, तिकीट बनायला आणखी दोन तास. मी ऑफिसमध्ये येरझारा घालत होतो. आंटी तोवर ड्यूटी संपवून एअरपोर्टच्या वाटेला लागल्या होत्या. नवीन तिकीट त्यांच्या फोनवर पडलं तेव्हा त्या चेक-इनच्या रांगेत होत्या.

"जोसेफला स्टेशनवरच यायला सांगा," मी म्हणालो. "तुम्ही बंदराकडे गेलात तर वेळ वाटेतच जाईल."

शनिवारी सकाळी मी मुलीच्या स्विमिंग क्लासला बसलो होतो. जर्मनीचं घड्याळ आमच्या सहा तास पुढे, तिथे तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता. ब्रेमेनला बदलायची गाडी चुकल्याचा आंटींचा मेसेज आला होता, त्यानंतर काहीच नाही.

"बाबा, यू आर शेकिंग द बेंच," बायकोशेजारी बसलेली धाकटी म्हणाली.

आठच्या सुमारास एक फोटो आला. प्लॅटफॉर्मवर आंटी आणि टक्कल पडलेला एक दणकट माणूस. पुढे फक्त "भेटलो."

मंगळवारी आंटी ऑफिसला आल्या. भावाबरोबर वीस मिनिटं मिळाली होती.

"रडलात?" मी घाबरतच विचारलं.

"कुठलं! तो म्हणे, तू किती जाडी झालीस. मी म्हटलं, तुझे केस कुठे गेले? मी घरून तळून नेलेले आमचे वसईचे गोड फुगे तो उभ्या उभ्या खात होता, आणि मी बघत होते. तेवढ्यात टॅक्सी आली."

मला फार वाईट वाटलं. मी सॉरी म्हणालो. त्यांनी हात झटकला.

"रविवारी तिथे सगळं बंद असतं रे. दुकानं नाहीत, काही नाही. मग तुझ्या त्या बंधाऱ्यावर जाऊन बसले. आईसाठी पोटभर रडून घेतलं. संध्याकाळी त्याला फोन करून सांगितलं, तुझ्याही वाटचं रडलेय, तू आता कामाला लाग."

नसीम मॅडमनी त्यांच्यासाठी चहा मागवला. मी ॲप परत डाउनलोड केलं. आता कोणी तिकिटाला आलं, की पासपोर्ट मागण्याआधी मी विचारतो, "गाव कोणतं तुमचं?"